जेन्युअरीचा सराव: जुने विषय, रोज एक स्केच, आणि कुठे काय बिघडतं

ठिपका (धागाकर्ता) · १ डिसेंबर

जेन्युअरी म्हणजे 'जनरेटिव्ह' आणि 'जानेवारी' यांची जोडणी. २०२१ पासून दर जानेवारीत ३१ दिवसांचे ३१ विषय जाहीर होतात. पिटर पास्मा यांच्या कल्पनेतून हे सुरू झालं. भाषा, साधन, आकार कशाचंच बंधन नाही. फक्त चित्र कोडने काढायचं.

जानेवारीत पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात, आणि त्याचं कारण कल्पना संपणं हे क्वचितच असतं. रोज अर्धा तास कॅनव्हास, सेव्ह करणं, सीड (रँडम आकड्यांची मालिका ठरवणारा आकडा) यांच्याशी झटापट करण्यात जातो. म्हणून या धाग्यात डिसेंबरभर जुने विषय सरावाला घेऊ. साधन शक्यतो पी-फाइव्ह (चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), कारण ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. प्रोसेसिंग वापरणाऱ्यांना फारसा फरक पडणार नाही. दोन्हींची घडण एकच.

आधी एक कोरा साचा करून ठेवा. कॅनव्हास १०८० × १०८०, पिक्सेलडेन्सिटी १, सीड एका चलात, रँडमसीड आणि नॉइजसीड दोन्हींना तोच सीड, नोलूप (चित्र एकदाच काढून थांबणं) चालू. 'एस' कळ दाबली की सेव्ह, आणि फाइलच्या नावात तारीख व सीड. 'एन' कळ दाबली की सीड एकने वाढवून पुन्हा रेखाटन. सेव्हची ओळ ड्रॉच्या (दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनच्या) आत लिहू नका. नोलूप राहून गेलं तर सेकंदाला ६० फाइली उतरतात आणि टॅब बंद केल्याशिवाय थांबत नाहीत.

वेळ एक तास धरा. १० मिनिटं कागदावर, ३० कोड, उरलेली २० फक्त आकडे बदलून बघायला. ही शेवटची २० सगळ्यात मोलाची. चित्रासोबत सीड द्या आणि कुठला आकडा हलवल्यावर काय बदललं ते लिहा. नुसतं 'छान जमलंय' नको.

वक्ररेषा · १ डिसेंबर

साच्याबद्दल दोन पुरवण्या.

रँडमसीड दिला म्हणजे नॉइजही (सलग, हळूहळू बदलणारे रँडम आकडेही) बांधला गेला असं नाही. दोघांचे सीड वेगळे. शिवाय जावास्क्रिप्टचं स्वतःचं मॅथ.रँडम या दोन्हींच्या बाहेर राहतं. कुठूनतरी उचललेल्या फंक्शनमध्ये ते लपलेलं असलं की 'तोच सीड, वेगळं चित्र' हा प्रकार होतो आणि तासभर कळत नाही.

दुसरं, रँडमच्या हाकांचा क्रम हाच चित्राचा जीव. मध्येच एक जादा रँडम घातला, समजा रेषेच्या जाडीसाठी, की त्यापुढचे सगळे आकडे सरकतात आणि आवडलेली रचना गेली. उपाय: रचनेचे सगळे आकडे आधी काढून यादीत ठेवा, मग सीड अधिक १ देऊन रंग, जाडी वगैरे किरकोळ गोष्टी काढा. रचना जागेवर राहते, रंग हवे तेवढे फिरवता येतात.

पिक्सेलडेन्सिटी (कॅनव्हासच्या एका पिक्सेलमागे प्रत्यक्ष किती पिक्सेल) १ का, तर फोनवर ती ३ असू शकते. मग १०८०चा कॅनव्हास ३२४०चा सेव्ह होतो. ते एक वेळ चालेल, पण लोडपिक्सेल्स करून रांग-स्तंभाचा हिशेब १०८० धरून केला असेल तर रंग भलत्याच ठिकाणी जातात.

लोलक · ३ डिसेंबर

विषय: ४ जानेवारी २०२२, 'पुढचा पुढचा फिडेंझा'. टायलर हॉब्ज यांच्या २०२१च्या ९९९ चित्रांच्या मालिकेचा संदर्भ, म्हणजे फ्लो फील्ड (प्रत्येक जागी एक दिशा, रेषा तिच्यामागे वाहतात). सीड ४१२, १०८० × १०८०. कोन = नॉइज(क्ष × ०.०२, य × ०.०२) × टाऊ (२ पाय, म्हणजे पूर्ण फेरी).

दोन अडचणी. एक, सगळ्या रेषा डावीकडेच वाहतात. दोन, उजव्या कडेला डावीकडचाच नमुना जरासा सरकून पुन्हा आल्यासारखा दिसतो. सीड बदलूनही दोन्ही तशाच.

वक्ररेषा · ३ डिसेंबर

दोन्हींची मुळं पी-फाइव्हच्या नॉइजच्या घडणीत आहेत.

डावीकडे वाहण्याचं कारण: मूळ मांडणीत ४ थर असतात आणि प्रत्येक थराचं वजन निम्मं होत जातं, ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५. बेरीज ०.९३७५, म्हणजे १ कधी येतच नाही, आणि बहुतेक किमती ०.४७च्या आसपास घुटमळतात. त्याला टाऊने गुणलं की कोन पायच्या जवळ, म्हणजे डावीकडे. टाऊच्या दुप्पट-तिप्पट गुणा, किंवा आधी ०.४७ वजा करून मग ताणा आणि हवी ती मुख्य दिशा स्वतः मिळवा. दुसरा मार्ग बरा, कारण दिशा तुमच्या हातात राहते.

नमुना परत येण्याचं कारण: आत ४०९६ आकड्यांची एकच रांग आहे. य एकने वाढला की त्या रांगेत १६ घरं पुढे उडी. म्हणजे क्षमध्ये १६ मिळवा किंवा यमध्ये १ मिळवा, उत्तर एकच. तुमचं १०८० × ०.०२ = २१.६, सोळाच्या पलीकडे. उजवी कड म्हणजे डावी कडच, ५० पिक्सेल वर सरकलेली. ०.०२च्या जागी पट ०.००२ ते ०.००४ ठेवा, क्षची मजल ४.३२च्या आतच राहते. बारीक नमुना हवाच असेल तर सिम्प्लेक्स नॉइजची वेगळी लायब्ररी घ्या.

त्याच जातीची तिसरी खोड: ऋण आकडा दिला तर पी-फाइव्ह त्याचं चिन्ह काढून टाकतो. आरंभबिंदू मध्यावर आणून नॉइज काढलात तर चित्र मध्यरेषेवर आरशासारखं दुमडलेलं येतं. कित्येकांना ती सममिती आपली कल्पना वाटते. १००० मिळवून टाका.

सुरुवातीचे आकडे: १५०० आरंभबिंदू, प्रत्येकी ३०० पावलं, पाऊल २ पिक्सेल, जाडी १, अपारदर्शकता २५५ पैकी ६०. पाऊल ८च्या वर गेलं की वळणावर रेषा तुटक, कोनाकोनाची दिसते.

काटकोन · ४ डिसेंबर

वरच्या तिसऱ्या खोडीचा फटका लूपला सगळ्यात जास्त बसतो. १ जानेवारी २०२३चा विषय 'अखंड लूप' होता. नेहमीची युक्ती: काळाला वर्तुळावर फिरवायचं, म्हणजे नॉइज(त्रिज्या × कोसाइन, त्रिज्या × साइन). पण कोसाइन-साइन अर्धा वेळ ऋण असतात, त्यामुळे एका फेरीत तीच हालचाल पुढे-मागे चार वेळा दिसते. कोसाइन अधिक १, साइन अधिक १ करा, लगेच सुटतं. त्रिज्या ०.५ला शांत हालचाल, २च्या वर धांदल.

कोन = टाऊ × फ्रेम ÷ एकूण फ्रेम. 'एकूण वजा १'ने भागलं की पहिली आणि शेवटची फ्रेम एकच होते आणि दर फेरीला बारीक आचका बसतो.

जिफमध्ये दोन फ्रेममधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्णांकानेच लिहिता येतो. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ३.३३, ते बसत नाही. २५ फ्रेम म्हणजे बरोबर ४. म्हणून २५ आणि १०० फ्रेम, ४ सेकंदांचा लूप. रंगही फ्रेमला २५६च, तेव्हा मऊ छटा पट्ट्यापट्ट्यांच्या होणार. सपाट रंग वापरा किंवा व्हिडिओ करा.

अनुस्वार · ६ डिसेंबर

रंगांबद्दल कोणी बोलत नाही. २ जानेवारी २०२४चा विषय 'पॅलेट नको' असा होता. अनेकांनी सरळ काळं-पांढरं केलं. चालतं, पण पळवाट आहे. रंग नियमातून काढा, उदाहरणार्थ रेषेच्या कोनावरून वर्णछटा.

तिथे एचएसबी (वर्णछटा, गडदपणा, उजळपणा अशी मोजणी) घेतलं की दोन खड्डे. ३५० आणि १० या दोन लालांच्या मधली छटा सरासरीने काढली तर १८० येते, म्हणजे निळसर हिरवा. फरक १८०पेक्षा मोठा असेल तर ३६० मिळवून-वजा करून जवळच्या बाजूने जा. आणि एचएसबीतला १०० टक्के पिवळा व १०० टक्के निळा डोळ्याला सारखे उजळ कधीच दिसत नाहीत, म्हणून चित्र ठिगळाठिगळांचं वाटतं. आरजीबीत मिसळलं तर निळ्या-पिवळ्याच्या मध्ये राखाडी.

ओकेलॅब वापरा. ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२०च्या डिसेंबरात मांडलेली रंगपद्धत. रूपांतर म्हणजे दोन छोटी मॅट्रिक्स आणि मध्ये घनमूळ, वीसेक ओळी. साच्यात एकदाच टाकून ठेवा.

सोळावा बिट · ६ डिसेंबर

सहमत, पण रोजच्या स्केचला तीन रंग आणि कागदाचा एक मळकट पांढरा पुरे. ओकेलॅबच्या नादात विषय राहून जातो.

अनुस्वार · ६ डिसेंबर

तीन रंग निवडायलाच तर ते लागतं की.

काटकोन · ९ डिसेंबर

विषय: ५ जानेवारी २०२४, व्हेरा मोलनार यांच्या शैलीत. जन्म १९२४, बुडापेस्ट, १९६८ पासून पॅरिसमध्ये संगणकावर काम, २०२३मध्ये निधन. यादीतला हा विषय सोपा वाटतो आणि बहुतेकांचा इथेच फज्जा उडतो, कारण लोक भरमसाट रँडम ओततात. मोलनार यांचा हिशेब उलटा होता: आधी कडक शिस्त आणि तिच्यात १ टक्का अव्यवस्था.

सरावाला आधी गेऑर्ग नेस यांचं १९६८च्या सुमाराचं 'खडी' करा. आडवे १२ चौकोन, २२ ओळी. वर सगळे शिस्तीत, खाली येता येता विस्कटत जातात. ओळ क्रमांक ० ते २१. फिरवण्याचा कोन = रँडम(-१, १) × ओळ ÷ २१ × ४५ अंश; सरकणं = रँडम(-१, १) × ओळ ÷ २१ × बाजूच्या ०.४ पट. 'ओळ ÷ २१'च्या जागी त्याचा वर्ग घेऊन बघा, पडझड उशिरा आणि एकदम सुरू होते. एवढ्याने चित्राचा स्वभाव पालटतो.

चुका ठरलेल्या. पुश-पॉप (सरकवण्या-फिरवण्याआधीची स्थिती जपून परत आणणं) विसरलं की सरकणं साचत जातं आणि चौकोन कॅनव्हासबाहेर. आधी फिरवून मग सरकवलं तर चौकोन मूळ कोपऱ्याभोवती गरगरतो. आधी सरकवा, मग फिरवा. रेक्टमोड सेंटर (चौकोन मध्यापासून काढणं) नसेल तर चौकोन कोपऱ्यावर फिरतो, आणि हे कमी कोनात लक्षातही येत नाही, नुसतं चित्र 'उजवीकडे कलल्यासारखं' दिसत राहतं.

ठिपका · १० डिसेंबर

१० जानेवारी २०२४चा विषय 'षट्कोनी'. यासाठी आपल्याकडे तयार जाळी आहे: मधल्या ठिपक्यांची रांगोळी. '११ ते ६ मधले ठिपके' म्हणजे मधल्या ओळीत ११, मग वर-खाली १०, ९, ८, ७, ६, प्रत्येक ठिपका खालच्या दोघांच्या मधोमध. एकूण ११ + २ × ४० = ९१ ठिपके, आणि आकार नेमका षट्कोन. कोडमध्ये ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या ०.८६६ पट. ते १ ठेवलंत तर षट्कोन उभट होतो आणि ६० अंशांनी फिरवलेली पाकळी ठिपक्यांवर बसत नाही. '११ ते १ सरळ ठिपके' असेल तर ११, ९, ७ असे उतरत ६१ ठिपके, हिऱ्याचा आकार, सममिती चौपदरी.

जोडण्या रँडम करायच्या त्या फक्त एका पाचरीत. षट्कोनाची ३० अंशांची पाचर घ्या, तिच्यातल्या शेजारी ठिपक्यांच्या जोड्यांपैकी ४० टक्के जोडा, पाचर आरशात उलटवा, मग सहा वेळा फिरवा. ६०च्या वर टक्केवारी गेली की नुसती जाळी दिसते, २५च्या खाली तुटके तुकडे.

दाक्षिणात्य कोलममध्ये रेष ठिपक्यांना वळसा घालत जाते. तिचं गणित आणखी गमतीचं. १९७०च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी कोलमचं व्याकरण मांडलं होतं, म्हणजे हा विषय संगणकशास्त्राला नवा नाही. म × न ठिपक्यांचा आयत घ्या. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये रेषा एकमेकींना छेदतात, बाहेरच्या कडेला परततात. आत सगळीकडे छेद ठेवले तर बंद रेषांची संख्या म आणि न यांचा मसावि. ५ × ७ला एकच अखंड रेष, ४ × ६ला दोन.

आता छेदाच्या जागी आरसा ठेवा, म्हणजे रेषा न छेदता वळून जातील. तिथे दोन वेगळ्या रेषा भेटत असतील तर त्या जोडल्या जाऊन एक होतात. एकच रेष स्वतःला छेदत असेल तर आरशाच्या दोन दिशांपैकी एक तिला फोडते, दुसरी अखंड ठेवते. त्यामुळे रँडम आरसे टाकत जा, दर वेळी रेषा मोजा, संख्या वाढली तर तो आरसा आडव्याचा उभा करा. अखंड एकरेषी कोलम हमखास मिळतो, नशिबावर सोडावा लागत नाही.

सोळावा बिट · १० डिसेंबर

वाचनखूण साठवली. रेषा मोजायची कशी? प्रत्येक छेदबिंदूला चार टोकं. टोकाला 'भेट दिली' अशी खूण करत चालत जायचं, सुरुवातीला परतलं की एक मोजायची आणि बिनखुणेचं पुढचं टोक घ्यायचं. एवढंच ना?

ठिपका · १० डिसेंबर

एवढंच. फक्त खूण टोकाला करा, बिंदूला नको. बिंदूवरून रेष दोनदा जाते. बिंदूला खूण केली तर चाल अर्ध्यावर थांबते.

पिक्सेलराव · १३ डिसेंबर

दोन जुने विषय एकदम.

२ जानेवारी २०२१, 'नियम ३०'. वोल्फ्रॅम यांचा एकमितीय सेल्युलर ऑटोमॅटन: ० किंवा १ची घरं असलेली ओळ, आणि पुढच्या ओळीतलं प्रत्येक घर वरच्या तीन घरांवरून ठरतं. नवीन घर = डावं एक्सऑर (मधलं किंवा उजवं). एक्सऑर म्हणजे दोघांपैकी नेमकं एकच १ असेल तर १. तक्ता वापरणार असाल तर ३० म्हणजे ०००११११०, आणि उजवीकडचा पहिला बिट '०००' या शेजारासाठी. बिट उलट वाचले तर नियम १२० चालतो. डावं-उजवं अदलाबदल झालं तर ८६, म्हणजे आरशातला ३०. खरा ३० डाव्या कडेला नियमित पट्टे आणि उजवीकडे गोंधळ दाखवतो, त्यावरून ओळखा. ५०० ओळींना किमान ९९९ घरं हवीत, कमी असतील तर कडेचा कचरा आत शिरतो. आणि जुन्या ओळीतच नवीन किमती लिहू नका, दुसरी रांग ठेवा.

२ जानेवारी २०२२, 'डिदरिंग', म्हणजे मोजक्याच रंगांच्या ठिपक्यांनी मधल्या छटांचा भास. फ्लॉइड-स्टाइनबर्ग, १९७६: उरलेली चूक (मूळ छटा वजा निवडलेला रंग) उजवीकडे ७, खाली-डावीकडे ३, खाली ५, खाली-उजवीकडे १, सगळं सोळाने भागून. नेहमीची चूक म्हणजे ही बेरीज थेट पिक्सेल्सच्या रांगेतच करणं. ती रांग ० ते २५५ मध्ये दाबते आणि पूर्णांक करते. ऋण चूक तिथेच मरते, उजेडाच्या जागा सपाट होतात. फ्लोट३२ची (दशांश आकड्यांची) वेगळी रांग घ्या, शेवटी परत लिहा. मूळ छायाचित्र आधी रेषीय उजेडात आणा, नाहीतर मधल्या छटा फिकट पडतात; १२८चा राखाडी प्रत्यक्षात पांढऱ्याच्या २२ टक्केच उजेड देतो.

२७० × २७०वर डिदर करून ४ पट मोठं करा, नोस्मूथ लावून, पीएनजीच. जेपीजी केलं की ठिपक्यांभोवती चिखल.

अनुस्वार · १५ डिसेंबर

देवनागरी अक्षरं घेऊन कोणी काही करणार असेल तर सावधान. पी-फाइव्हच्या १ क्रमांकाच्या मालिकेत लोडफॉन्टने फॉन्ट घेतला की अक्षरजुळणी होत नाही: 'कि'ची वेलांटी क नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. टेक्स्टटूपॉइंट्सचंही तेच. पर्याय असा: फॉन्ट सीएसएसने आणा, टेक्स्टफॉन्टला फाइलऐवजी नाव द्या ('नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्ता'). मग जुळणी ब्राउझर करतो आणि ती बरोबर असते. ते क्रिएटग्राफिक्सच्या लपलेल्या पाटीवर काळ्यावर पांढऱ्याने लिहा, पिक्सेल वाचा, पांढऱ्या जागी बिंदू पेरा. फॉन्ट उतरायच्या आत पहिली फ्रेम काढली तर भलताच फॉन्ट येतो, म्हणून आधी थांबा.

शब्द अक्षराअक्षराने तोडताना लांबीवर विसंबू नका. 'क्षि' एक अक्षर, पण लांबी ४. जावास्क्रिप्टमधल्या इंटलचा सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारा) वापरा. जुने ब्राउझर त्यातही क् आणि षि वेगळे करतात.

अजून एक: रँडम बिंदू पेरले की बरेचसे शिरोरेषेवर जातात आणि खालची अक्षरं उपाशी राहतात. पाटीची वरची पट्टी वेगळी काढून तिथे निम्मेच पेरा.

काटकोन · १५ डिसेंबर

अवांतर: १४ जानेवारी २०२४चा विषय '१ केबीपेक्षा लहान' होता. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. १०२४ बाइटमध्ये ३४१ चिन्हं, कोड शून्य. मराठी टिप्पण्या त्या दिवशी गाळा.

लोलक · १९ डिसेंबर

प्लॉटरवर (पेनाने कागदावर रेघा ओढणाऱ्या यंत्रावर) काढणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२५, 'फक्त उभ्या किंवा आडव्या रेषा'. एसव्हीजीत (रेषा आकड्यांत साठवणाऱ्या फाइलीत) ९६ पिक्सेल म्हणजे एक इंच, १ मिमी म्हणजे ३.७८ पिक्सेल, ए४ साधारण ७९४ × ११२३. ०.३ मिमीच्या पेनाला रेषांतलं अंतर ०.४च्या खाली नको, शाई एकमेकींत मिसळते.

पडद्यावर पांढऱ्या चौकोनाने मागचं झाकता येतं, प्लॉटरला भरण कळत नाही. मागच्या रेषाही काढतो. त्या कोडमध्येच कापा. जाळीतल्या शेजारी चौकोनांची सामाईक बाजू दोनदा निघते आणि कागदाचा लगदा होतो, तेव्हा प्रत्येक घराची फक्त वरची आणि डावी बाजू काढा, शेवटच्या ओळीला खालची आणि शेवटच्या स्तंभाला उजवी. मग व्हीपाइपमध्ये (प्लॉटरच्या फाइली नीट करणारं साधन) लाइनमर्ज (रेषा जोडणं) आणि लाइनसॉर्ट (रेषांचा क्रम लावणं). लाइनसॉर्टशिवाय पेन हवेतच निम्मा वेळ घालवतो.

सोळावा बिट · १९ डिसेंबर

लाइनमर्जने रेषा उलट दिशेने जोडल्या तर? फाउंटन पेनला ढकललेली रेघ आणि ओढलेली रेघ वेगळी उमटते.

लोलक · २० डिसेंबर

हो, मूळ मांडणीत तो रेषा उलटवतो. दोन्ही आज्ञांना 'नो-फ्लिप' पर्याय आहे, तो लावा. हवेतला प्रवास थोडा वाढेल. जेल पेन किंवा फाइनलायनरला गरज नाही.